पटलाचे आयुष्य कोणी मोजायचे?

उत्साही : समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या आजच्या तंत्राचा सगळा डोलारा एका अतिशय पातळ थरावर उभा आहे, आणि तो थर अधिक टिकाऊ झाला तर या तंत्राचा खर्च, त्यासाठी लागणारी रसायने आणि वारंवार काम थांबवणे या तिन्ही गोष्टी कमी होतील, असे मानण्यास सबळ कारणे आहेत. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यामुळे त्याचा परासरणदाब, म्हणजे गोड्या बाजूचे पाणी खाऱ्या बाजूकडे ओढणारा दाब, सुमारे २७ बार भरतो. हा ओढा मोडून पाण्याला उलट दिशेने जायला लावायचे तर पंपांना प्रत्यक्षात ५५ ते ७० बार दाब द्यावा लागतो. यालाच उलट परासरण किंवा व्यवहारातले आर. ओ. म्हणतात. या दाबाला तोंड देणारे पटल, म्हणजेच मेंब्रेन, तीन थरांचे असते : तळाला पॉलिएस्टरचे न विणलेले कापड, त्यावर पॉलिसल्फोनचा सच्छिद्र आधारथर आणि सर्वांत वर पॉलिअमाइडची त्वचा, जिची जाडी एक-दोन दशांश मायक्रॉनपलीकडे जात नाही. क्षार अडवण्याचे सारे काम ही त्वचा करते. अमेरिकेत जॉन कॅडॉट यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिची कृती बसवली आणि तेव्हापासून पंप, ऊर्जा परत मिळवणारी यंत्रे आणि प्रकल्पांची रचना आमूलाग्र बदलली. एक हजार लिटर गोड्या पाण्यामागे त्या काळी दहा युनिटांहून अधिक वीज लागत असे, ती आता संपूर्ण प्रकल्प धरून तीन-चार युनिटांवर आली. त्वचेचे रसायन मात्र मूलतः तेच राहिले. क्लोरीनने ती झिजते, जिवाणूंच्या थराने चोंदते आणि दाबाखाली तिचा आधारथर दबतो. या तिन्ही दुखण्यांवर त्वचेच्या आत, तिच्या वर किंवा तिच्या खाली नॅनोपदार्थ बसवून इलाज करता येतो, हे गेल्या दोन दशकांच्या संशोधनाने दाखवले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील गटाने २००७ मध्ये पॉलिअमाइडमध्ये झिओलाइटचे नॅनोकण मिसळून पटल तयार केले, त्याच धाग्यावर नॅनोएचटूओ ही कंपनी उभी राहिली आणि २०१४ मध्ये ती एलजी केमने विकत घेतली. म्हणजे ही वस्तू प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडून बाजारात येऊन पोहोचली आहे.

साशंक : बाजारात येणे आणि टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि येथे प्रश्न टिकण्याचाच आहे. आधी एक जुना हिशेब मिटवणे आवश्यक आहे. ज्या झिओलाइट पटलाचा दाखला दिला गेला त्याची पहिली ख्याती टिकाऊपणाची नव्हती, वेगाची होती. कार्बनच्या नळ्या, ग्राफीन, जलवाहक प्रथिने या सगळ्यांनी पाणी कितीतरी पट वेगाने सोडण्याचेच आश्वासन दिले होते. परंतु ३५ ग्रॅम क्षारांच्या पाण्यातून निम्मे पाणी गोडे करून घ्यायचे तर निसर्गनियमानुसार एक हजार लिटरमागे किमान १.०६ युनिट ऊर्जा लागणारच, आणि आजच्या चांगल्या प्रकल्पांतील पटलाचा टप्पा या सीमेपासून फार दूर नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील अभ्यासकांनी २०१४ मध्ये केलेल्या गणितानुसार पटलाची पार्यता, म्हणजे पाणी सोडण्याची क्षमता, तिप्पट झाली तरी समुद्राच्या पाण्याच्या प्रकल्पात ऊर्जेची बचत सुमारे १५ टक्क्यांवर थांबते. वेगाचे आश्वासन असे आकुंचित झाल्यावर त्याच पदार्थांसाठी टिकाऊपणाचे नवे निमित्त शोधले गेले, अशी शंका घेण्यास जागा आहे. शिवाय पटल बदलण्याचा खर्च हा तयार पाण्याच्या एकूण किमतीचा लहानसा भाग असतो, विजेच्या खर्चापुढे तर तो अगदी किरकोळ ठरतो. आजचे पटल साधारण पाच वर्षे चालते. ते सात वर्षे चालले म्हणून पाण्याचा दर लक्षात येण्याजोगा उतरेल, हे सिद्ध करणे अवघड आहे. फ्लोरिडातील टँपा बे येथील प्रकल्प २००३ मध्ये सुरू झाला आणि तेथील गाळण्या व पटले अपेक्षेपेक्षा फार लवकर चोंदली. तेथे उपाय म्हणून पटलाचे रसायन बदलले गेले नाही, समुद्राचे पाणी पटलापर्यंत येण्याआधी स्वच्छ करण्याची व्यवस्था, म्हणजे पूर्वप्रक्रिया, नव्याने उभारावी लागली. दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार नॅनोपदार्थांच्या बाबतीत होत नाही ना, हे तपासले पाहिजे.

उत्साही : वेगाविषयीचा आक्षेप पूर्णपणे मान्य करता येतो आणि तरीही टिकाऊपणाचा मुद्दा उभाच राहतो, कारण टिकाऊपणाचे मोल नव्या पटलाच्या किमतीत शोधणे हीच हिशेबातली चूक आहे. पटल नाजूक असल्यामुळे त्याच्या आधी आणि नंतर काय काय करावे लागते, याकडे पाहिले की खरा खर्च दिसतो. समुद्रातून पाणी ओढणाऱ्या नळांत शिंपले आणि जिवाणू वाढू नयेत म्हणून पाण्यात क्लोरीन सोडला जातो. पॉलिअमाइडला तो सोसत नसल्यामुळे पटलापाशी पोहोचण्याआधी सोडियम मेटाबायसल्फाइट घालून तो काढून टाकावा लागतो. म्हणजे नळाचे रक्षण करणारा पहारेकरी पटलाच्या दारात पोहोचताच काढून घेतला जातो. त्यातही एक उपद्रव असा की, क्लोरीनमुळे पाण्यातील मोठे सेंद्रिय रेणू तुटून जिवाणूंना सहज पचणारे लहान रेणू तयार होतात आणि क्लोरीन गेल्यानंतर उरलेल्या जिवाणूंना पटलावर आयते अन्न मिळते. मग थर धरतो, तेवढेच पाणी मिळवायला दाब वाढवावा लागतो, वीज वाढते, धुण्यासाठी प्रकल्पाचा एक भाग थांबवावा लागतो आणि प्रत्येक धुण्यात आम्ल व अल्कली यांमुळे पटल आणखी थोडे झिजते. क्लोरीन सोसणारे पटल मिळाले तर ही संपूर्ण साखळी सैल होते, केवळ शेवटची कडी नाही. क्लोरीनचा हल्ला कसा होतो हेही आता बऱ्यापैकी उलगडले आहे : पॉलिअमाइडच्या साखळीतील नायट्रोजनला चिकटलेल्या हायड्रोजनची जागा क्लोरीन घेतो, पुढे तो शेजारच्या षट्कोनी वलयावर सरकतो, साखळ्यांना परस्परांशी बांधणारे हायड्रोजन बंध तुटतात आणि त्वचा सैल पडून क्षार गळू लागतात. हल्ल्याची वाट माहीत असेल तर ती अडवता येते. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१३ मध्ये पॉलिअमाइडवर ग्राफीन ऑक्साइडच्या पापुद्र्यांचे थर चढवले आणि थर चोंदणे व क्लोरीनचा मारा या दोन्हींना तोंड देण्याची शक्ती वाढल्याचे दाखवले. जपानमधील शिन्शू विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये पॉलिअमाइडमध्ये कार्बनच्या बहुभिंती नॅनोनळ्या गुंफून तसाच परिणाम नोंदवला.

साशंक : क्लोरीन सोसणारे पटल ही नवी गोष्ट नाही, आणि हा इतिहास उत्साहाच्या भरात विसरला जातो. कॅडॉट यांच्या आधी, १९६० च्या सुमारास, सिडनी लोएब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी बनवलेले सेल्युलोज ॲसिटेटचे पटल थोडा क्लोरीन सहज पचवत असे. त्याच कुळातील सेल्युलोज ट्रायॲसिटेटच्या पोकळ तंतूंची पटले सौदी अरेबियात जेद्दा येथे १९८९ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात बसवली गेली आणि तेथे अधूनमधून क्लोरीन सोडून जिवाणूंना आवर घालण्यात आला. तरीही जगाने बहुतांश ठिकाणी पॉलिअमाइड निवडले, कारण ते कमी दाबात जास्त पाणी देत होते आणि क्षार अधिक काटेकोरपणे अडवत होते. टिकाऊपणा आणि काम यांतील निवड करण्याची वेळ आली तेव्हा उद्योगाने कामाला कौल दिला, आणि नॅनोपदार्थ ही निवड टाळून दोन्ही एकाच वेळी देतात, हा दावा म्हणूनच अधिक कठोर पुराव्याची मागणी करतो. तो पुरावा कसा गोळा केला जातो ते पाहण्यासारखे आहे. क्लोरीनचा मारा पीपीएम-तासांत मोजतात : पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरीन असताना गेलेला एक तास म्हणजे एक पीपीएम-तास. साधे पॉलिअमाइड दोनशे ते हजार पीपीएम-तासांत बिघडू लागते, असे उत्पादकांच्या पुस्तिकांतच म्हटलेले असते. प्रयोगशाळेत दोन हजार पीपीएमच्या द्रावणात पटलाचा तुकडा दहा तास बुडवून ठेवला की वीस हजार पीपीएम-तास झाले, असा हिशेब मांडला जातो, आणि त्यावरून एक पीपीएमवर हेच पटल दोन वर्षांहून अधिक टिकेल, असा निष्कर्ष सुचवला जातो. तीव्र मात्रेत थोडा वेळ आणि सौम्य मात्रेत दीर्घकाळ यांचा गुणाकार सारखा आला म्हणून परिणामही सारखा येईल, असे रसायनशास्त्र कोठेही सांगत नाही. द्रावणाचा आम्लपणा बदलला तरी क्लोरीनचे रूप बदलते आणि हल्ल्याचा मार्गही बदलतो. त्याहून मोठी उणीव पाण्यातच आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असते आणि क्लोरीन त्यात पडताच त्यापासून हायपोब्रोमस आम्ल तयार होते, जे पॉलिअमाइडवर स्वतंत्रपणे चाल करते. मिठाच्या शुद्ध द्रावणात उत्तीर्ण झालेले पटल समुद्राच्या परीक्षेला बसलेलेच नसते.

उत्साही : परीक्षा अपुरी आहे म्हणून परीक्षार्थी नापास, असे म्हणता येत नाही, परीक्षा सुधारावी, एवढेच त्यातून निघते. ब्रोमाइड मिसळून चाचण्या करता येतात आणि तशा त्या केल्याही पाहिजेत. मात्र सर्व नॅनोपदार्थांना एकाच तागडीत तोलणेही योग्य नाही, कारण पटलातील त्यांची जागा वेगळी तशी त्यांची जबाबदारीही वेगळी असते. आधारथराचे उदाहरण घ्यावे. सत्तर बारच्या दाबाखाली पॉलिसल्फोनची छिद्रे हळूहळू दबतात आणि त्यामुळे पाण्याची वाट अरुंद होते. हे दबणे बहुतांशी परत न फिरणारे असते. त्या थरात सिलिका किंवा झिओलाइटचे कण मिसळले तर तो कमी दबतो, हे लॉस एंजेलिसच्याच गटाने २०१० मध्ये मोजून दाखवले. हे कण त्वचेच्या खाली गाडलेले असतात, समुद्राच्या पाण्याशी त्यांची थेट गाठ पडत नाही, त्यांना कोणतीही रासायनिक कामगिरी बजावायची नसते. केवळ आकार टिकवून धरायचा असतो. ग्राफीन ऑक्साइडवरील आक्षेप असा की, पाण्यात त्याचे पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात, मधली फट रुंदावते आणि क्षार आत शिरतात. मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये ते पापुद्रे इपॉक्सीत जखडून ही फूग रोखता येते हे दाखवले. आणि पॉलिअमाइडवर चढवलेल्या लेपात तर ग्राफीन ऑक्साइडला क्षार अडवायचेच नसतात, फक्त आघात अंगावर घ्यायचा असतो. तेथे फूग हा दोष राहत नाही. कोणता पदार्थ कोठे आणि कोणत्या कामाला, असा प्रश्न विचारला की अतिशयोक्ती आपोआप गळून पडते.

साशंक : कोठे आणि कोणत्या कामाला, हाच प्रश्न आणखी थोडा पुढे नेला की अडचण पुन्हा समोर येते. पटल प्रकल्पात सपाट पडलेले नसते. त्याची पाने, मध्ये प्लॅस्टिकची पाऊण मिलिमीटर जाडीची जाळी ठेवून, एका नळीभोवती गुंडाळलेली असतात. अशी गुंडाळी आठ इंच व्यासाची आणि चाळीस इंच लांबीची असते, तिच्यात सुमारे ४० चौरस मीटर पटल मावते आणि अशा सहा ते आठ गुंडाळ्या एका दाबनळीत एकामागून एक बसवतात. निकामी गुंडाळी उभी चिरून उघडतात, त्याला या क्षेत्रात शवविच्छेदनच म्हणतात. नळीच्या तोंडाशी असलेली गुंडाळी उघडली तर जाळीच्या चौकटींत तपकिरी, बुळबुळीत थर दाटलेला असतो, तो बोटाने ओढला तर सुटून येतो, आणि खाली पटलावर जाळीचा ठसा उमटलेला दिसतो. शेवटची गुंडाळी उघडली तर तेथे असा थर क्वचितच असतो, मात्र पाणी सर्वाधिक खारे झालेले असल्यामुळे पटलावर क्षारांची खरखरीत पुटे चढलेली असतात. एकाच नळीत पहिली गुंडाळी जिवाणूंनी संपते आणि शेवटची क्षारांनी, आणि कित्येकदा दोन्हींचे पटल शाबूत असूनही कडांचा डिंक उकललेला किंवा जोडावरचे रबरी कडे सरकलेले आढळते. नॅनोपदार्थ यांपैकी कोणत्या मरणावर उतारा आहे? टायटॅनियम डायऑक्साइड जिवाणू मारते खरे, पण त्यासाठी अतिनील प्रकाश लागतो आणि घट्ट गुंडाळलेल्या, फायबरच्या नळीत बंद केलेल्या पटलावर काळोखाखेरीज काही नसते. चांदीचे नॅनोकण अंधारातही काम करतात, परंतु ते विरघळूनच काम करतात. म्हणजे ज्या क्षणी ते उपयोगी पडतात त्याच क्षणी ते संपत असतात, आणि समुद्रातील क्लोराइड सुटलेल्या चांदीला लगेच बांधून ठेवते. झिओलाइट ए आम्लात टिकत नाही, आणि क्षारांची पुटे काढण्यासाठी पटल तर आम्लानेच धुतात.

उत्साही : या चित्राशी वाद नाही, उलट उपायाचा आराखडा त्यातूनच निघतो. पहिली आणि शेवटची गुंडाळी वेगळ्या कारणांनी मरत असतील तर त्यांना वेगळी पटले द्यावीत. एकाच नळीत निरनिराळ्या प्रकारच्या गुंडाळ्या क्रमाने बसवण्याची पद्धत आजही वापरात आहे, ती सध्या पाण्याचा प्रवाह सर्वत्र समान राहावा म्हणून वापरतात, तीच चोंदण्याच्या प्रकारानुसार वापरता येईल. पहिल्या दोन गुंडाळ्यांना जिवाणू चिकटू न देणारा लेप आणि शेवटच्यांना क्षारांचे स्फटिक धरू न देणारा गुळगुळीत पृष्ठभाग, अशी विभागणी शक्य आहे. चांदीचा साठा संपतो हे खरे, पण पटल जागेवरून न हलवता त्यावर चांदीचे कण पुन्हा तयार करता येतात, हे प्रयोगांनी दिसले आहे. आम्लात विरघळणाऱ्या झिओलाइटऐवजी सिलिकाचे प्रमाण जास्त असलेला, आम्लाला दाद न देणारा झिओलाइट निवडता येतो. आणि मुख्य म्हणजे पूर्वप्रक्रिया की पटल, असा पर्याय मांडणे दिशाभूल करणारे आहे. ओमानचे आखात आणि पर्शियन आखात येथे २००८-०९ मध्ये विषारी प्लवकांची लाल भरती आली तेव्हा त्या किनाऱ्यावरचे प्रकल्प बंद ठेवावे लागले. पूर्वप्रक्रिया हात टेकते असे दिवस समुद्र अधूनमधून आणतोच, आणि त्या दिवसांत पटलाची स्वतःची सहनशक्ती हाच शेवटचा आधार असतो.

साशंक : सहनशक्तीचा दावा किती मोठ्या क्षेत्रावर खरा ठरला पाहिजे, याचा अंदाज मुंबईच्या उदाहरणावरून घेता येईल. मुंबई महापालिकेने मनोरी येथे रोज २० कोटी लिटर गोडे पाणी देणारा आणि पुढे ४० कोटी लिटरपर्यंत वाढवता येणारा प्रकल्प योजला आहे. पटलाच्या दर चौरस मीटरमधून तासाला सरासरी १४ लिटर पाणी मिळते असे धरले तर केवळ पहिल्या टप्प्यासाठी सुमारे सहा लाख चौरस मीटर, म्हणजे साठ हेक्टर पटल आणि जवळजवळ पंधरा हजार गुंडाळ्या लागतील. प्रयोगशाळेतील यश तळहातावर मावणाऱ्या तुकड्यावर मिळालेले असते. नॅनोकणांचा मूळ स्वभाव एकमेकांना चिकटून गोळे करण्याचा असतो. कण आणि पॉलिअमाइड यांच्या सांध्यात एखादी फट राहिली तर त्या फटीतून खारे पाणी थेट पलीकडे जाते आणि साठ हेक्टरांत अशा किती फटी निघतील हे तळहातावरच्या तुकड्यावरून कळत नाही. त्यातून मुंबईचा किनारा गढूळ, खाड्यांतून शहराचे सांडपाणी समुद्रात उतरणारा, आणि पावसाळ्यात तर पाण्याचे रूप पूर्णपणे बदलणारा. भूमध्य समुद्राच्या निवळ पाण्यावर मिळालेला टिकाऊपणा येथे हुकमी मानणे धाडसाचे होईल.

उत्साही : मग निष्कर्ष असा निघतो की परीक्षा येथेच, याच पाण्यावर घ्यावी, आणि त्यासाठी लागणारी माणसे व अनुभव देशात उपलब्ध आहेत. भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्था अनेक दशके पटले बनवत आली आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने कल्पाक्कम येथे उलट परासरणाने रोज १८ लाख लिटर आणि उष्णतेच्या मार्गाने ४५ लाख लिटर पाणी देणारा जोडप्रकल्प उभारला. चेन्नईजवळ मिंजूर येथे २०१० पासून आणि नेम्मेली येथे २०१३ पासून रोज दहा-दहा कोटी लिटरचे प्रकल्प आहेत. अशा एखाद्या प्रकल्पात शेजारी-शेजारी दोन दाबनळ्या राखून ठेवाव्यात, एकीत नेहमीचे पटल आणि दुसरीत नॅनोपटल बसवावे, दोन्हींना तेच पाणी, तोच दाब आणि तेच धुणे द्यावे आणि दोन्हींचे शवविच्छेदन जाहीर करावे. पंधरा हजार गुंडाळ्यांच्या प्रकल्पात पंधरा-वीस गुंडाळ्या प्रयोगाला देणे शहराला जड जाणार नाही.

साशंक : असा प्रयोग झाला आणि नॅनोपटल जिंकले, असे गृहीत धरले तरी एक प्रश्न त्या विजयातूनच निर्माण होतो. आज निवृत्त होणाऱ्या पटलांना दुसरा जन्म देण्याची एक सोपी वाट आहे. स्पेनमधील संशोधकांनी विकसित केलेल्या या पद्धतीत जुन्या गुंडाळीतून हायपोक्लोराइटचे द्रावण मुद्दाम फिरवतात, क्लोरीन पॉलिअमाइडची त्वचा खाऊन टाकतो आणि उरलेले सच्छिद्र पटल सांडपाणी किंवा नदीचे पाणी गाळण्यासाठी, अगदी पूर्वप्रक्रियेसाठीसुद्धा, वापरता येते. ज्या दुर्बलतेवर मात करण्यासाठी ग्राफीन ऑक्साइड आणि कार्बननळ्या आणल्या जात आहेत, तीच दुर्बलता येथे कचरा वाचवते. क्लोरीनला न जुमानणारे पटल निवृत्त झाल्यावर क्लोरीनने उतरवता येणार नाही, आणि ते जमिनीत गाडले तर त्यातील नॅनोपदार्थही त्याच्याबरोबर जातील. टिकाऊपणा कोणाचा मोजायचा, पटलाचा की पटलासकट सगळ्या व्यवस्थेचा, हे ठरवल्याशिवाय अधिक टिकाऊ हा शब्द अपुरा राहतो.

उत्साही : हा आक्षेप आतापर्यंतच्या सर्व आक्षेपांपेक्षा खोल आहे, आणि त्याचे उत्तर अधिक चांगला कण शोधून देता येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. त्यातून निदान एक शिस्त हाती लागते. पटलाचे आयुष्य वर्षांत सांगणे सोडून द्यावे, कारण पाच वर्षे निवळ पाण्यात निवांत काढणे आणि पाच वर्षे गढूळ पाण्यात दर महिन्याला धुवून घेणे यांत काहीच साम्य नाही. त्याऐवजी दर चौरस मीटरने किती हजार लिटर पाणी दिले, तोवर क्षार अडवण्याची पातळी कोठवर टिकली, त्यासाठी किती वेळा धुवावे लागले, दाब किती वाढवावा लागला आणि शेवटी त्या पटलाचे काय झाले, असे पाच आकडे एकत्र मागावेत. या मापाने पाहिले तर आधारथर दबू न देणारे गाडलेले कण बहुधा पुढे येतील, कारण ते धुण्याच्या किंवा पुनर्वापराच्या आड येत नाहीत. चांदी मागे पडेल. आणि क्लोरीन सोसणाऱ्या लेपांचा निकाल किनाऱ्यागणिक बदलेल. जेथे जिवाणूंचा थर हेच मुख्य दुखणे आहे तेथे, पुनर्वापराची वाट गमावूनही, असा लेप फायद्याचा ठरू शकतो. जेथे क्षारांची पुटे हे दुखणे आहे तेथे तो निरर्थक ओझे ठरेल.

साशंक : पाच आकड्यांची ही मागणी योग्य आहे, आणि नेमकी म्हणूनच ती पुरी होणे कठीण आहे. शेजारी-शेजारच्या दोन नळ्यांचा निकाल लागायला पाच वर्षे लागतात, आणि तेवढ्या अवधीत प्रयोगशाळांमधून पुढच्या पदार्थांच्या दोन पिढ्या येऊन गेलेल्या असतात. निकाल हाती येतो तेव्हा तो अशा पटलाविषयी असतो जे कोणी विकत घेणार नसते. वाट न पाहता निर्णय घ्यायचा तर पुन्हा वीस हजार पीपीएम-तासांच्या त्याच द्रावणाकडे वळावे लागते, ज्याचा समुद्राशी संबंध अजून सिद्ध झालेला नाही. उत्पादकाला स्वतःच्या पटलाचे शवविच्छेदन जाहीर करण्यात लाभ नाही, संशोधकाला पाच वर्षे एकाच पटलापाशी थांबून निबंध लिहिता येत नाहीत, आणि महापालिकेला नागरिकांच्या पाण्यावर प्रयोग केल्याचा ठपका नको असतो. नॅनोपदार्थ पटलाचे आयुष्य वाढवू शकतात की नाही, याविषयी आता दोन्ही बाजूंत फार अंतर उरलेले नाही. काही जागी आणि काही कामांसाठी ते वाढवू शकतील, हे मान्य. वाद उरला आहे तो ते आयुष्य मोजण्याइतका वेळ कोण देणार आणि त्या वेळेचा खर्च कोणाच्या खात्यावर पडणार याचा, आणि त्याचे उत्तर कोणत्याही पटलाच्या रसायनात सापडणारे नाही.

उत्साही : ते उत्तर निविदेच्या अटींत मात्र लिहिता येते. मनोरीसारख्या प्रकल्पाच्या करारात दोन दाबनळ्या तुलनेसाठी राखण्याची आणि त्यांचे आकडे दरवर्षी खुले करण्याची अट घातली, तर वेळेचा खर्च पाण्याच्या दरात विरून जाईल आणि पिढ्या बदलल्या तरी तुलनेची नळी कायम राहील. तिच्यात पटल बदलत जाईल, माप बदलणार नाही. जुन्या पटलाचा निकाल नव्याला लागू पडत नाही हे खरे, पण त्वरित चाचणी आणि प्रत्यक्ष समुद्र यांत किती तफावत पडते, एवढे तरी त्या निकालांतून वर्षागणिक कळत जाईल, आणि आज नेमका तोच आकडा कोणापाशी नाही.

साशंक : तो आकडा पटलागणिक आणि किनाऱ्यागणिक वेगळा निघाला तर?

उत्साही : तर टिकाऊपणा हा पदार्थाचा गुणधर्म नसून पदार्थ, पाणी आणि ते चालवणारी माणसे यांच्यातील नाते आहे, हे सिद्ध होईल, आणि नॅनोपदार्थांच्या संशोधनाला आपला प्रश्नच बदलून घ्यावा लागेल.